कुंडलिकेची दोन घड्याळे

दिव्याहून पनवेल, पेण करीत रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने प्रवास केला, तर नागोठणे सोडल्यावर आणि रोहा येण्यापूर्वी निडी नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबत नाहीत. पण भूगोलाच्या दृष्टीने ही जागा मोठी मौजेची आहे. नागोठणे अंबा नदीच्या काठी वसलेले आहे, तर रोहा कुंडलिकेच्या काठी. तेव्हा या दोन स्टेशनांच्या दरम्यान कोठेतरी जलविभाजक रेषा रुळांना ओलांडून जात असलीच पाहिजे. रेषेच्या उत्तरेला पडलेला पावसाचा थेंब अंबेत जाईल आणि धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळेल. दक्षिणेला पडलेला कुंडलिकेत जाईल आणि रेवदंड्याच्या खाडीतून समुद्र गाठील.

या दोन नद्यांपैकी कुंडलिकेतून होडीने समुद्रापर्यंत जायचे, वाटेत तंबू ठोकून दोन रात्री काढायच्या, असा बेत निडीच्या किंवा रोह्याच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांबरोबर आखला आहे, अशी कल्पना करू. होडी लहान, दोघांना पुरेल एवढी, वल्ह्याने चालवायची. इंग्रजी पुस्तकांत जिला कनू म्हणतात, तसल्या जातीची. सामान म्हणजे तंबू, शिधा, पाणी, दोर आणि प्रत्येकाला एक लाइफ जॅकेट. हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. पावसाळ्यात या नद्यांवर असा बेत मनातही आणू नये. शेजारच्या अंबा नदीने जुलै १९८९ मध्ये जांभूळपाड्यात केवढा अनर्थ केला, ते या भागातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा.

बेत सोपा वाटतो. नदी उतारावरून समुद्राकडे वाहते, आपण तिच्यावर बसून जायचे. पण कुंडलिका ही काही अशी सरळ नदी नाही. तिच्या वरच्या भागात पाणी कधी वाढेल आणि कधी उतरेल, हे डोंगरातल्या वीजकेंद्रावर अवलंबून असते. खालच्या भागात ते चंद्रावर अवलंबून असते. एकाच नदीला ही दोन घड्याळे लावलेली आहेत आणि ती एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. होडीवाल्याला दोन्ही वाचता आली पाहिजेत.

विजेचे घड्याळ

कुंडलिका सह्याद्रीत, भिऱ्याच्या वरच्या कड्याकपारींत उगम पावते. देवकुंडचा प्रसिद्ध धबधबा याच भागातला. केवळ पावसाच्या पाण्यावर अवलंबून असती, तर कोकणातल्या इतर नद्यांप्रमाणे तीही उन्हाळ्यात खडकांमधल्या डबक्यांची रांग होऊन राहिली असती. परंतु तिच्यात घाटमाथ्यावरचे पाणी येते. ते पाणी तिचे नव्हे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. निसर्गाच्या हिशेबाने मुळेचे पाणी मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने पूर्वेला जायचे आणि शेकडो मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळायचे. टाटांच्या कंपनीने ते अडवले, डोंगरातून पश्चिमेकडे वळवले आणि कड्याखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडले. खोपोलीचे केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. या धरणासाठी मावळातली अनेक गावे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह तुम्ही इतिहासात वाचला असेल. कुंडलिकेवर होडी लोटताना तिच्याखालचे पाणी कोठून आले आणि त्यासाठी कोणाची शेते बुडाली, हे माहीत असलेले बरे.

पाणी कड्यावरून खाली आणण्यात लाभ काय, ते आकड्यांत पाहू. मुळशीचा जलाशय आणि भिऱ्याचे केंद्र यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचा फरक आहे. एक घनमीटर पाणी, म्हणजे १००० किलोग्रॅम, एवढे खाली आले की त्याची स्थितिज ऊर्जा

१००० × ९.८ × ५०० = ४९,००,००० जूल

इतकी कमी होते. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६,००,००० जूल. तेव्हा एका घनमीटरमागे १.३६ युनिट हिशेबाने मिळावीत. घर्षण आणि यंत्रांतील घट वजा जाता सव्वा युनिटाच्या आत-बाहेर हाती लागते. घरातले पाचशे लिटरचे टाके दोनदा भरून पाहा, म्हणजे एका युनिटाला किती पाणी लागते ते डोळ्यांपुढे येईल. १०० मेगावॉट वीज निर्माण करायची, तर दर सेकंदाला सुमारे २४ घनमीटर पाणी सोडावे लागेल.

आता खरा मुद्दा. कोळशावर चालणारे केंद्र थंड स्थितीतून सुरू व्हायला कित्येक तास लागतात. ते सतत चालू ठेवणेच परवडते. पाण्यावरचे टर्बाइन मात्र काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरू लागते आणि तितक्याच लवकर बंद करता येते. म्हणून विजेची मागणी एकदम वाढते त्या वेळी जलविद्युत केंद्र चालवायचे आणि मागणी उतरली की थांबवायचे, हा शहाणपणाचा व्यवहार. शहरातली माणसे सकाळी उठून दिवे आणि पंप सुरू करतात, आणि त्याचा परिणाम शंभर किलोमीटरांवरच्या एका नदीत दिसतो!

टाटांच्या केंद्रातून निघालेले पाणी तसेच नदीत जात नाही. ते खालच्या एका लहान जलाशयात साठवतात आणि त्यावर राज्य सरकारच्या कंपनीचे ८० मेगावॉटचे दुसरे केंद्र चालते. एकाच पाण्याकडून दोनदा काम करून घेतल्यावर ते रवाळजे येथे कुंडलिकेत सोडले जाते, बहुधा सकाळच्या वेळी. पाणी आले की कोलाडच्या बाजूचे प्रसिद्ध राफ्टिंग सुरू होते. ज्या दिवशी पाणी सोडले जात नाही, त्या दिवशी तराफेही काठावरच राहतात. सुमारे १२ किलोमीटरांचा हा टप्पा खळाळांचा आहे. सामान लादलेल्या उघड्या होडीला तो योग्य नव्हे. तेथे हवेने फुगवलेला रबरी तराफा आणि जाणता वाटाड्या हवा. आपल्या मंडळींनी हा भाग काठाने चालत पाहावा. पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

पहाटे नदीच्या पात्रात गोटे उघडे पडलेले दिसतात. मधल्या वाळूच्या सपाट पट्ट्या इतक्या सुरेख असतात, की तंबू येथेच ठोकावा असे कोणालाही वाटेल. आणि धोका नेमका येथेच आहे. आकाश निरभ्र, पावसाचे चिन्ह नाही, तरीही याच पट्ट्यावरून काही वेळाने कमरेइतके पाणी वाहू लागेल. पावसाचा पूर ढगांवरून, गडगडाटावरून थोडी तरी सूचना देतो. विजेच्या घड्याळाने येणारे पाणी आकाशाकडे पाहून कळत नाही.

ते किती वेगाने येते? येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाढलेल्या पाण्याची आघाडी ही खुद्द पाण्यापेक्षा जलद धावते. निडीच्या स्टेशनावर मालगाडीचे इंजिन डब्यांना धक्का देते तेव्हा काय होते, ते आठवा. डबे सावकाश सरकतात, पण ‘खाड्‌ खाड्‌’ असा धक्का मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत झरकन जातो. नदीतही मागून आलेले खोल पाणी पुढच्या उथळ पाण्यापेक्षा वेगाने वाहते, त्याला गाठते, त्याच्यावर चढते आणि त्यालाही पुढे रेटते. त्यामुळे आघाडीत सारखे नवे पाणी सामील होत राहते. मोकळ्या पात्रात या आघाडीचा वेग पाण्याच्या वेगाच्या दीडपटीहून थोडा अधिक असतो. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल, तर आघाडी सुमारे अडीच मीटर वेगाने पुढे जाईल आणि १२ किलोमीटर अंतर ८० मिनिटांत कापील. रवाळज्याला सोडलेल्या पाण्यावर टाकलेला नारळ मात्र त्या मुक्कामी पोचायला सव्वादोन तास घेईल. म्हणजे ‘वरून वाहत आलेला पाला दिसला की उठू’ असे म्हणणारा माणूस आधीच पाण्यात असेल.

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हेही विसरता कामा नये. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट. सकाळी सहज ओलांडलेला ओढ्यासारखा प्रवाह दोन तासांनी ओलांडता येईलच, असे नाही. यावर उपाय साधे आहेत. तंबू पात्रात नको, बेटावर नको. काठाच्या पक्क्या दरडीच्या वर, जेथे झाडोरा सलग वाढलेला आहे तेथेच ठोकावा. रात्री पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर खूण करून ठेवावी. आणि पाणी केव्हा सोडणार, हे गावात आधी विचारावे. नदीकाठच्या माणसांना ते तोंडपाठ असते. त्यांची गुरे आणि धुणी याच घड्याळावर चालतात.

साठलेले पाणी

खळाळांच्या खाली कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. त्याने अडवलेल्या पाण्यातून शेतीचे कालवे निघतात. आपल्या होडीचा प्रवास येथून सुरू होतो, कारण बंधाऱ्यामागे पाणी तळ्यासारखे पसरून संथ होते. विजेचे घड्याळ येथे मंदावते. वरून तासभर सेकंदाला २४ घनमीटर पाणी आले, तर ते ८६,४०० घनमीटर भरते. अरुंद पात्रात एवढे पाणी हाहाकार करील. पण समजा तळ्याचा विस्तार ५० हेक्टर आहे, तर त्याची पातळी तेवढ्या पाण्याने १७-१८ सेंटिमीटरच चढेल. जलाशय म्हणजे पाण्याच्या धक्क्यांना बसवलेली स्प्रिंगच म्हणा ना.

नवशिक्यांनी वल्हवण्याचा सराव करावा तो अशा पाण्यात. होडी किती बुडेल, याचा अंदाज आर्किमिडीजच्या तत्त्वाने आधीच करता येतो. होडी ३० किलो, दोन मुले १०० किलो आणि सामान ५० किलो, असे एकूण १८० किलो वजन धरा. तेव्हा होडीने १८० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. पाण्याच्या पातळीवर होडीचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर असेल, तर ती सात सेंटिमीटरांपेक्षा थोडी अधिक बुडेल. वितभर पाण्यातही ती चालते ती यामुळे. मात्र सामान तळाशी हवे. पिण्याच्या पाण्याचे डबे सर्वांत खाली, मधोमध आणि बांधून ठेवावेत. माणूस बसल्या जागेवरून उभा राहिला की होडी आणि माणसे यांचा मिळून असलेला गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मग थोडेसे कलणेही पुरते. होड्या उलटतात त्यातल्या पुष्कळशा वादळाने नव्हे, तर कोणीतरी काठावरच्या मित्राला हात करायला उभा राहतो म्हणून!

बंधाऱ्यापाशी होडी काठाला लावून, सामान उतरवून, ती हातांवर उचलून खालच्या बाजूला न्यावी. भिंतीवरून पाणी अगदी पातळ थराने वाहत असले, तरी ‘तेवढेच घसरून जाऊ’ हा विचार घातक आहे. भिंतीच्या पायथ्याशी पडणारे पाणी खाली बुडी मारते, पुढे जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच ओढले जाते. एक आडवा भोवरा सतत फिरत राहतो. त्यात सापडलेला ओंडका तासन्‌तास बाहेर पडत नाही, तसेच माणसाचेही.

येथून रोह्यापर्यंतचे पाणी उथळ, मधूनमधून गोट्यांचे. त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. कधी वल्हवावे, कधी उतरून होडी ढकलावी. दुसरा मुक्काम रोह्याच्या अलीकडे, काठावरच्या एखाद्या गावात शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या आवारात, गावकऱ्यांना विचारून करावा. पिण्याचे पाणी येथेच भरून घ्यायचे आहे. माणशी रोज चार लिटर, दोघांचे दीड दिवसाचे बारा लिटर. इतकी घाई का, ते पुढे येईलच.

चंद्राचे घड्याळ

रोह्याच्या आसपास नदीची चाल बदलते. काठावर चिखल दिसू लागतो, तिवरांची झुडपे उगवतात, आणि थोडा वेळ थांबलात तर पाणी चक्क उलटे, डोंगराकडे वाहू लागलेले दिसते. समुद्राची भरती येथपर्यंत पोचते. मोटारींचे रस्ते होण्यापूर्वी गलबते आणि मचवे भरतीच्या पाण्यावर येथवर येत आणि ओहोटीबरोबर परत जात. शिडापेक्षाही पाण्याच्या या फुकटच्या ओढीवर त्यांची भिस्त असे.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत अशी आहे: त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसातून दोन भरत्या येतात, म्हणून सकाळी सहाला तसेच संध्याकाळी सहाच्या सुमाराला. रीत दिसायला गमतीची, पण तिच्यामागे पक्के खगोलशास्त्र आहे. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर असतो, पुढे रोज मागे पडत पडत पौर्णिमेला त्याच्या बरोबर समोर येतो. या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते. बारा तासांना पंधराने भागले की एका तिथीला ४८ मिनिटे येतात, म्हणजे तासाचा चारपंचमांश भाग. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. आपल्या पूर्वजांनी तोंडी हिशेबासाठी तीन मिनिटे सोडून दिली, एवढेच. अर्थात ही स्थूल रीत आहे. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करीत असलेल्या कोष्टकांत मिळतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर तर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे.

आता तिसऱ्या दिवसाचा बेत पाहा. रोह्याहून रेवदंडा सरळ रेषेत २३-२४ किलोमीटर. खाडीची वळणे धरून तिसाच्या आसपास. संथ पाण्यात आपली होडी ताशी ४ किलोमीटर जाते आणि ओहोटीचा प्रवाह ताशी २ किलोमीटर आहे, असे धरू. प्रवाहाबरोबर गेलो तर वेग ६, म्हणजे पाच तासांत रेवदंडा. प्रवाहच नसता तर साडेसात तास. आणि प्रवाहाविरुद्ध सारा मार्ग काटायचा म्हटले तर वेग २ उरतो, म्हणजे पंधरा तास! तेच हात, तीच होडी; फरक केवळ निघण्याच्या वेळेचा.

वाऱ्याचीही गाठ येथे पडते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते आपल्या पाठीवर. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. ते तोंडावर. ओहोटीचा प्रवाह समुद्राकडे आणि वारा समुद्राकडून, अशी टक्कर झाली की लाटा जवळजवळ आणि उभ्या उठतात व लहान होडीत पाणी येते. तेव्हा आपल्याला हवी ती सकाळची ओहोटी. अशी तिथी कोणती? अष्टमी! त्या दिवशी मुखाशी सकाळी सहाला पूर्ण भरती आणि बारापर्यंत ओहोटी. अमावास्येला किंवा पौर्णिमेला निघालात, तर सकाळभर पाणी उलटे येईल आणि दुपारी ओहोटी लागेल तेव्हा खारे वारे सामोरे येतील. रोह्याच्या नदीपलीकडच्या वस्तीचे नाव अष्टमी आहे. ते नाव या कारणाने पडले असे मी म्हणत नाही, पण निघण्याची तिथी लक्षात ठेवायला त्याचा उपयोग होतो.

अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे कमी चढणारी. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सरासरीने साडेतीन मीटरांच्या आसपास फरक असतो; भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरांच्या आसपास उतरतो. रेवदंड्याला आकडे थोडे निराळे असले तरी प्रमाण तसेच. त्यामुळे प्रवाह सौम्य आणि नवशिक्यांना मानवणारा.

भरती मुखाशी आणि रोह्याला एकाच वेळी मात्र येत नाही. भरती ही एक लांबलचक लाटच आहे आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढायचे. खोली ५ मीटर धरली तर वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. तीस किलोमीटरांना सव्वा तास. तळाचे घर्षण आणि गाळ यांमुळे प्रत्यक्षात आणखी थोडा वेळ लागतो. म्हणून अष्टमीला रोह्याला पूर्ण भरती सव्वासात-साडेसातला होईल. पाणी चढायचे थांबून काठावरचा कचरा स्थिर झाला की होडी लोटावी. खाडीच्या आतल्या भागात भरती लवकर चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते, हेही आपल्या फायद्याचेच.

पाणी सहा तासांत एकाच गतीने उतरत नाही. जुने दर्यावर्दी एकूण उतार बारा भागांत वाटतात: पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. उधाणात साडेतीन मीटरांतले तीन बारांश म्हणजे मधल्या एका तासात जवळजवळ ९० सेंटिमीटर. जेवायला म्हणून उतरलात आणि होडी आखूड दोराने झाडाला बांधलीत, तर परत येऊन पाहाल ती ती झाडाला लोंबकळत असेल किंवा वीस पावलांच्या चिखलापलीकडे पाणी गेलेले असेल. या चिखलात गुडघाभर पाय रुततो. निवट्या मात्र त्याच्यावर मजेत उड्या मारीत असतात.

खालचे खारे, वरचे गोडे

खाडीत घोटभर पाणी चाखून ते गोडे लागले, तरी फसू नका. समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलो, नदीच्या पाण्याचे १०००. जड खारे पाणी तळाने पाचरीसारखे आत शिरते आणि हलके गोडे पाणी त्याच्यावरून समुद्राकडे सरकते. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत शाईने रंगवलेले मिठाचे दाट पाणी घ्या आणि चमच्यावरून अगदी हळू साधे पाणी सोडा. दोन थर स्पष्ट दिसतील. भांगाच्या दिवसांत ढवळणे कमी, म्हणून हे थर जास्त टिकतात. आपली १८० किलोंची होडी पूर्ण खाऱ्या पाण्यात शिरली की पावणेदोन मिलिमीटर वर उचलली जाते. तेवढे डोळ्यांना दिसणार नाही, पण हिशेब करून पाहा.

पाणी बरोबर नेण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे बहुतेक कारखाने रसायनांचे. त्यांच्या सांडपाण्यावर सामाईक केंद्रात प्रक्रिया करून ते खाडीत सोडतात, आणि खाडीच्या प्रदूषणाविषयी काठावरच्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. पाणी उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले मीठ आणि बहुतेक रसायने जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते. फडक्याने गाळून, तुरटी फिरवूनही उपयोग नाही.

‘नदीत पडले ते समुद्रात गेले’ असे पुष्कळांना वाटते. ते येथे खरे नाही. भरतीचा प्रवाह सरासरीने ताशी २ किलोमीटर धरला तर सहा तासांत पाणी बारा किलोमीटर आत येते, नंतरच्या सहा तासांत तेवढेच मागे जाते. तेच पाणी, त्यातल्या घाणीसकट, खाडीत हेलकावत राहते. त्याला हळूहळू बाहेर रेटते ते वरून येणारे नदीचे गोडे पाणी. उन्हाळ्यात ते गोडे पाणी बहुतांशी मुळशीहून आलेले आणि बंधाऱ्यातून खाली सोडलेले असते. म्हणजे दोन्ही घड्याळे शेवटी एकमेकांना भेटतात ती येथे. वरून पाणी किती आणि केव्हा येते, यावर खालची खाडी किती लवकर धुतली जाते हे ठरते, आणि खाडीत मासळी किती मिळणार तेही बऱ्याच अंशी त्यावरच.

काठाने जाताना मातीचे लांब बांध दिसतील. त्यांच्यामागे भरतीपासून राखलेली खारजमिनीतली भातशेती. बांधात जागोजागी उघाडी असतात. उघाडीचे दार बाहेरच्या बाजूने, फक्त समुद्राकडे उघडेल असे टांगलेले असते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. भरती आली की खारे पाणीच ते दार दाबून बंद करते. कोणी माणूस लागत नाही, वीज लागत नाही. वर शेकडो कोटी जुलांची देवघेव करणारी यंत्रे आहेत खरी, पण मला विचाराल तर या प्रवासात पाहिलेले सर्वांत हुशार यंत्र हेच.

वाटेत उशीर झाला आणि मुखाशी बारा वाजून गेले, तर हट्टाने वल्हवीत राहू नये. पाणी उलटले असेल. काठाच्या एखाद्या गावी होडी ओढून घ्यावी आणि पुढच्या ओहोटीसाठी दुसऱ्या दिवशी नवमीला पाऊण तास उशिरा निघावे. तंबूची जागा निवडताना मागच्या उधाणाने आणून टाकलेल्या काटक्या, गवत आणि शिंपल्यांची रेषा शोधावी आणि तिच्या वर जावे. तिवरांच्या श्वासमुळांमध्ये जमीन कोरडी दिसली, तरी ती खाडीचीच आहे.

साऱ्या गोष्टी जमून आल्या, तर दुपारच्या सुमाराला खाडी एकदम रुंद होते. साळावच्या आणि रेवदंड्याच्या मधला पूल दिसतो, डावीकडे कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या टेकडीवर उभा असतो आणि उजवीकडे रेवदंड्याची तटबंदी. शेजारच्या चौल बंदराचा उल्लेख टॉलेमीच्या भूगोलात आहे, आणि निकितीन हा रशियन प्रवासी १४६९ च्या सुमाराला याच चौलला उतरला होता. त्याची जहाजेही भरतीची वाट पाहूनच आत शिरली असतील. पुलाच्या अलीकडेच, गावाच्या धक्क्यापाशी होडी काठाला लावावी. पुढे उघडा समुद्र आहे आणि बारा वाजून गेल्यावर खारे वारे सुटू लागतात.

ज्यांना होडी मिळणार नाही, त्यांनी खाडीकाठी पक्क्या जागी एक बांबू रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरांना रंगाचे पट्टे ओढावेत आणि पंधरा दिवस पूर्ण भरतीची वेळ लिहून ठेवावी. शेजारच्या रकान्यात तिथीची पाऊणपट आणि त्याच्या शेजारी चारपंचमांश लिहावा. कोणता आकडा आपल्या गावाला अधिक जुळतो आणि किती मिनिटे सतत जास्त मिळवावी लागतात, ते पाहावे. अंबेच्या काठच्या नागोठण्याच्या मुलांचे उत्तर रोह्याच्या मुलांपेक्षा निराळे येईल.